हांगझोऊचे प्रक्षेपण: पदके दिसली, गट दिसला नाही

चीनमधील हांगझोऊ येथे २२ ते २८ ऑक्टोबर २०२३ या आठवड्यात चौथ्या आशियाई पॅरा, म्हणजे दिव्यांग खेळाडूंच्या, क्रीडा स्पर्धा झाल्या. कोल्हापुरात बसून त्या जशा पाहायला मिळाल्या, त्या प्रक्षेपणसेवेचे हे परीक्षण आहे. सेवेचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण ज्या उणिवा येथे मांडायच्या आहेत, त्या थोड्याफार फरकाने आपल्याकडच्या बहुतेक क्रीडावाहिन्यांना आणि मोबाईल ॲपना लागू पडतील. निकाल आधीच सांगून टाकतो: चित्र उत्तम, वेळापत्रक बरे, समालोचन सुमार आणि प्रेक्षकाला खेळ समजावून सांगण्याच्या बाबतीत सेवा जवळजवळ नापास. भारतीय संघाने मात्र त्या आठवड्यात जे केले ते इतके भरीव होते, की सुमार समालोचनाच्या आडही ते पुरते झाकले गेले नाही.

स्पर्धेच्या अधिकृत नावात २०२२ हे साल असले, तरी कोविडमुळे ती वर्षभर लांबणीवर पडली आणि नेमकी आपल्या सणासुदीच्या दिवसांत आली. उद्घाटन अष्टमीला आणि समारोप कोजागिरीला. अंबाबाईच्या दर्शनाची रांग, दसरा चौकातले शिलंगण आणि भारतातच चालू असलेला क्रिकेटचा विश्वचषक यांच्यामध्ये या स्पर्धांना कोल्हापुरात किती जागा मिळणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. उद्घाटनाच्या दिवशीच धरमशाळेत भारत-न्यूझीलंड सामना होता. फुटबॉलच्या विश्वचषकाला पेठापेठांतून पडदे लावणाऱ्या आणि ब्राझील-अर्जेंटिनाचे फलक चौकाचौकांत उभे करणाऱ्या या शहरात पॅरा स्पर्धांसाठी पडदा लागलेला मला तरी कोठे दिसला नाही. म्हणजे ज्याला पाहायचे होते, त्याने घरीच पाहायचे होते आणि त्यामुळे सेवेवरची जबाबदारी वाढत होती; चौकात शेजारी उभा असलेला जाणकार जे सांगतो, ते येथे समालोचकानेच सांगायला हवे होते.

वेळेची अडचण नव्हती. चीनचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असल्यामुळे सकाळच्या सत्रातल्या लढती आपल्याकडे जेवणवेळेपूर्वी उरकत आणि संध्याकाळचे सत्र दिवेलागणीच्या आसपास संपून जाई. दसऱ्याच्या दिवशी दीप्ती जीवनजीने ४०० मीटरची शर्यत ५६.६९ सेकंदांत जिंकली आणि त्याच दिवशी प्राची यादवने कनूइंगमध्ये, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीच्या शर्यतीत, सुवर्णपदक मिळवले. या दोन्ही गोष्टी सोने वाटायला बाहेर पडलेल्या कोल्हापूरकराला संध्याकाळी घरी परतल्यावर चित्रफितीतून निवांतपणे पाहता येत होत्या. नंतर पाहण्याची ही सोय सेवेची सर्वांत जमेची बाजू आहे. बऱ्याच लढतींच्या चित्रफिती अजूनही पाहायला मिळतात, म्हणून इतक्या उशिरा लिहिलेल्या या परीक्षणाचाही वाचकाला काही उपयोग होईल असे वाटते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पडद्याच्या कोपऱ्यात आठवडाभर एक पदकतक्ता फिरत राहिला आणि तो दिवसागणिक फुगत गेला. शेवटी त्यात भारताच्या नावापुढे २९ सुवर्ण, ३१ रौप्य आणि ५१ कांस्य अशी १११ पदके होती व भारत पाचव्या स्थानी होता. ग्वांगझू येथे २०१० साली झालेल्या पहिल्या आशियाई पॅरा स्पर्धांत भारताची पदके १४ होती आणि त्यात सुवर्ण अवघे एक. इंचॉनला २०१४ मध्ये ती ३३ झाली, जकार्ताला २०१८ मध्ये ७२. याच हांगझोऊत काही दिवस आधी आशियाई क्रीडा स्पर्धांत भारताच्या मोठ्या पथकाने १०७ पदके मिळवली होती आणि देशभर शंभरी ओलांडल्याचे कौतुक झाले होते. पॅरा पथकाने तो आकडाही मागे टाकला. ही सगळी माहिती सेवेने दिली, पुन्हा पुन्हा दिली आणि ती अचूक होती. अडचण अशी, की तिने देण्यासारखे एवढेच आहे असे मानले.

पॅरा खेळ पाहताना पदकाच्या आधी गट कळावा लागतो. मैदानी खेळांत धावणे आणि उडी यांच्या गटांपुढे ‘टी’ आणि फेकीच्या गटांपुढे ‘एफ’ हे अक्षर असते, त्यापुढे दोन आकडे असतात आणि त्या दोन आकड्यांत खेळाडूच्या शरीराची सारी हकिकत थोडक्यात असते. ११ ते १३ हे दृष्टिदोषाचे गट, २० हा बौद्धिक अक्षमतेचा, तिशीतले आकडे स्नायूंवरचा ताबा ज्यांच्या हाती पूर्णपणे नाही अशांचे, ४० आणि ४१ कमी उंचीच्या खेळाडूंचे, ४२ ते ४४ पायात व्यंग असूनही कृत्रिम पायाविना उतरणाऱ्यांचे, ४५ ते ४७ हातांचे, पन्नाशीतले आकडे व्हीलचेअरवर किंवा बसून खेळणाऱ्यांचे आणि ६१ ते ६४ कृत्रिम पाय लावून खेळणाऱ्यांचे. ढोबळमानाने, एकाच जातीच्या गटांत आकडा जितका लहान तितकी मर्यादा अधिक. हे सगळे सांगायला दोन मिनिटे पुरतात, आणि दिवसातून एकदा जरी एखादा साधा तक्ता दाखवला असता तरी भागले असते. त्याऐवजी समालोचक ‘एफ फिफ्टी वन’, ‘टी फॉर्टी सेव्हन’ असे म्हणत राहिले आणि प्रेक्षकाने ते बसच्या नंबरासारखे ऐकून सोडून दिले.

कोल्हापूरच्या माणसाला हे समजावणे अवघड मुळीच नाही. सत्तावन्न किलोच्या पैलवानाला सत्त्याण्णव किलोच्या पैलवानाशी भिडवायचे नसते, हे येथे तालमीत पाय न ठेवलेल्यालाही ठाऊक आहे. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले ते ५७ किलो गटात, म्हणून ते कोणी कमी लेखत नाही. पॅरा खेळातला गट म्हणजे असाच वजनगट. फरक इतकाच, की येथे काट्यावर शरीराचे वजन नसते, त्या शरीराला त्या खेळात काय करता येते हे असते आणि ते वर्गीकरण करणारे तज्ज्ञ तपासून ठरवतात. एवढे एक वाक्य मराठीतून कानावर पडले असते, तर ‘एकाच खेळात एवढी सुवर्णपदके कशी?’ हा प्रश्न घरोघर विचारला गेला नसता. मराठी समालोचन तर नव्हतेच. हिंदीतले होते त्यात भावना भरपूर होती. माहिती शोधावी लागत होती.

गट न सांगितल्याने नेमके काय हरवते, याचे एक उदाहरण सविस्तर देतो. सुमित अंतिलने भालाफेकीत एफ-६४ गटात ७३.२९ मीटरची फेक केली आणि जागतिक विक्रम केला. समालोचनात ‘विश्वविक्रम’ हा शब्द पुरेसा गाजला, परंतु आधीचा विक्रमही त्याचाच होता, तो त्याच वर्षी जुलैमध्ये पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत केलेला ७०.८३ मीटरचा होता आणि त्यात एकदम जवळपास अडीच मीटरची भर पडली, हे सांगितले गेले नाही. भालाफेकीत विक्रम सेंटिमीटरने सरकतात. अडीच मीटर ही उडी केवढी, हे ज्याला कळले त्याने ती चित्रफीत पुन्हा मागे नेऊन पाहिली असणार. आणि पाहताना त्याचा डावा पाय पाहायला हवा. गुडघ्याखाली तो कृत्रिम आहे. भाला सुटण्याच्या क्षणी उजव्या हाताने फेकणाऱ्याचे सारे ओझे पुढे रोवलेल्या डाव्या पायावर येते, तो पाय दगडासारखा थांबला तरच धावण्याचा वेग हातात उतरतो. म्हणजे ज्या पायावर हा प्रकार उभा आहे, नेमका तोच पाय येथे कारखान्यात बनलेला आहे. घोटा नाही, तळव्याला जमिनीचा अंदाज नाही, सारा हिशेब मांडी आणि कंबर करतात. मंदगती चित्रात हे स्पष्ट दिसत होते. कॅमेऱ्याने ते दाखवले, आवाजाने ते सांगितले नाही.

सोनीपतजवळच्या खेवरा गावचा हा मुलगा मुळात पैलवान व्हायला निघाला होता आणि २०१५ साली मोटारसायकलच्या अपघातात त्याचा पाय गेला, ही गोष्ट कोल्हापुरातल्या प्रेक्षकाला सांगितली असती तर ऐकणाऱ्याने चहाचा कप खाली ठेवला असता. ती गोष्टही आम्हाला दुसरीकडूनच कळली.

दुसरे उदाहरण क्लब थ्रोचे. लाकडी दांडुक्यासारखे दिसणारे सुमारे चारशे ग्रॅम वजनाचे साधन जमिनीला जखडलेल्या खुर्चीवर बसून फेकायचे, असा हा प्रकार. ज्यांच्या हाताची पकडच क्षीण आहे, भाला किंवा गोळा ज्यांना धरता येत नाही, अशा खेळाडूंसाठी तो आहे. एफ-५१ हा गट बसून फेकणाऱ्यांमधला सर्वांत जास्त मर्यादेचा. प्रणव सूरमाने ३०.०१ मीटर फेक करून सुवर्ण, धरमवीरने रौप्य आणि अमित सरोहाने कांस्य मिळवले, तिन्ही पदके भारताकडे आली. सेवेने तिघांचे एकत्र छायाचित्र दाखवून टाळ्या वाजवल्या. बोटांत पकड नसताना साधन हातात टिकते कसे, फेकण्यापूर्वी पट्टे कसे आवळले जातात, पाठीमागे इतका वेळ कशात जातो, यावर अवाक्षर नाही, आणि त्या रिकाम्या वेळात जाहिरात. ज्याने हा प्रकार येथे नीट पाहिला, त्याला पुढच्या वर्षीच्या पॅरिस पॅरालिंपिकची गोडी वेगळीच लागली. तेथे याच दोघांत क्रम उलटला, धरमवीर ३४.९२ मीटरने पहिला आला आणि प्रणव ३४.५९ मीटरने दुसरा.

त्याच सुरुवातीच्या दिवसांत टी-६३ गटाच्या उंच उडीत जे घडले, ते तर कोणत्याही क्रीडावाहिनीने अर्धा तास चघळावे असे होते. शैलेश कुमारने १.८२ मीटर, मरियप्पन थंगवेलूने १.८० मीटर आणि गोविंदभाई पाढियारने १.७८ मीटर उडी मारली. स्पर्धेत उतरलेले तिघेच होते आणि तिघेही भारतीय. आशियाई पॅरालिंपिक समितीच्या नियमानुसार तिन्ही पदके द्यायची तर किमान चार खेळाडू मैदानात असावे लागतात, म्हणून सुवर्ण आणि रौप्य दिले गेले आणि तिसऱ्याला काही मिळाले नाही. उलट क्लब थ्रोमध्ये चौथा खेळाडू सौदी अरेबियाचा होता, म्हणून तेथे तिसरे पदक मिळाले. या नियमाने १११ हा आकडा कसा बनला हेही कळते आणि पॅरा खेळाची खरी अडचण, म्हणजे एकेका गटात पुरेसे खेळाडू जमवण्याची धडपड, हीही कळते. सेवेच्या पदकतक्त्यात पाढियार कोठेच नव्हता. सुवर्णविजेत्यापेक्षा चार सेंटिमीटर कमी उडी मारलेला माणूस बातमीतूनही नाहीसा झाला.

समालोचनाबद्दल माझी अपेक्षा कदाचित या गावामुळे वाढलेली असेल. खासबागेत किंवा जत्रेच्या फडात कुस्ती लागते तेव्हा निवेदक पैलवानाचे नाव घेतो, गाव सांगतो, तालीम सांगतो, वस्ताद कोण ते सांगतो, गेल्या फडात कोणाला चितपट केले ते सांगतो; ढाक लागली की घिस्सा, हे फडाच्या शेवटच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्यालाही त्याच क्षणी कळते. हलगी चालू असते आणि माहितीही चालू असते. या सेवेच्या समालोचकांना देशाचे नाव आणि अभिमान एवढ्या दोनच गोष्टी पुरेशा वाटल्या. खेळाडू कोठला, हे सांगण्याची तर त्यांना गरजच भासली नाही.

त्यामुळे आपल्याकडच्या प्रेक्षकाचे विशेष नुकसान झाले. एफ-४६ गटात १६.०३ मीटर गोळा फेकून सुवर्ण जिंकणारा सचिन खिलारी हा सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा. लहानपणीच्या अपघाताने त्याचा डावा हात निकामी झाला. अभियांत्रिकी शिकला, स्पर्धा परीक्षांच्या मुलांना शिकवले आणि पुढे पॅरिसला १६.३२ मीटरची फेक करून रौप्यपदक घेऊन आला. गोळाफेकीत डावा हात काय करतो, असे विचारणाऱ्याने एकदा स्वतः उभे राहून पाहावे: वळताना शरीराचा तोल आणि छाती उघडण्याची चाल त्या हातावर असते. बॅडमिंटनमध्ये एसएल-४ या, पायात व्यंग असून उभे राहून खेळणाऱ्यांच्या, गटात कांस्यपदक मिळवणारा सुकांत कदमही सांगली जिल्ह्यातलाच. एफ-३४ गटात ७.५४ मीटर गोळा फेकून रौप्य मिळवणारी भाग्यश्री जाधव नांदेडची. आणि शेवटच्या दिवशी ४०० मीटर टी-४७ शर्यत ४९.४८ सेकंदांत जिंकून भारताचे शंभरावे पदक ज्याने आणले, तो दिलीप गावित नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याकडचा आदिवासी मुलगा. उजवा हात नसताना ४०० मीटरचे वळण पन्नास सेकंदांच्या आत कापणे म्हणजे काय, हे ज्याने पोलीस ग्राउंडवर दोन फेऱ्या मारल्या असतील त्याला सांगावे लागणार नाही. सेवेने ‘शंभर’ हा आकडा रंगीत अक्षरांत झळकवला. शर्यतीची पुन्हा दाखवलेली चित्रफीत शंभराच्या त्या नक्षीखाली अर्धी झाकली गेली होती.

आमच्या गल्लीत एक दृष्टिहीन गृहस्थ आहेत, क्रिकेट रेडिओवर ऐकत वाढलेले. त्यांनी या स्पर्धा ऐकण्याचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. त्यांची तक्रार सरळ होती: समालोचक पाहणाऱ्यांसाठी बोलतो आणि पाहणाऱ्यांना जे दिसतेच आहे त्याबद्दलच उद्गार काढतो. अंकुर धामाने टी-११ गटात १५०० आणि ५००० मीटर अशा दोन्ही शर्यती जिंकल्या. या गटातले धावपटू डोळ्यांवर पट्टी बांधून, सोबतच्या मार्गदर्शक धावपटूशी छोट्या दोरीने जोडलेले राहून धावतात आणि अंतिम रेषा मार्गदर्शकाने आधी ओलांडली तर शर्यत बाद ठरते. दोघांची पावले एका तालात पडतात की नाही, शेवटच्या फेरीत मार्गदर्शक मागे सरकतो केव्हा, दोरी ताणली जाते का, हे शब्दांत सांगता येण्यासारखे आणि ऐकण्यासारखे नाट्य आहे. ज्यांच्या शर्यतीबद्दल बोलायचे, त्यांच्यासारख्याच माणसाला ती शर्यत कळू नये, याला काय म्हणावे. कर्णबधिर प्रेक्षकांसाठी सांकेतिक भाषेची चौकट किंवा मराठी-हिंदी अक्षरे हीदेखील मला कोठे आढळली नाहीत. दिव्यांगांच्या स्पर्धेच्या प्रक्षेपणात हे चालवून घेण्यासारखे नाही आणि येथे मी गुण कापताना हात आखडता घेणार नाही.

बॅडमिंटनमध्ये तर गैरसमज उघडच होत होते. एसएल-३ गटाची एकेरी अर्ध्या कोर्टावर खेळली जाते, एसएल-४ ची पूर्ण कोर्टावर. प्रमोद भगत आणि नितेश कुमार यांचा अंतिम सामना, दोन्ही बाजूंना भारतीय, पाहताना ‘फूल आत पडले तरी गुण दुसऱ्याला कसा?’ असे आमच्याकडे विचारले गेले, आणि उत्तर पडद्यावरून आले नाही. सुहास यथिराज यांच्या सामन्यात मात्र ते प्रशासकीय सेवेतले अधिकारी आहेत हे इतक्या वेळा सांगितले गेले, की त्यांचा बॅकहँड पाहायचा राहून जावा.

आता जे चांगले होते त्याकडे. तिरंदाजीचे चित्रण अप्रतिम होते. शीतल देवी त्या वेळी सोळा वर्षांची. किश्तवाडच्या डोंगरातली ही मुलगी जन्मतः दोन्ही हातांविना आहे; खुर्चीत बसून उजव्या पायाने धनुष्य उचलते, खांद्याच्या आधाराने दोरी ताणते आणि जबड्याच्या हालचालीने बाण सोडते. कॅमेरा आधी पायाच्या बोटांवर, मग हनुवटीवर आणि मग लक्ष्यावर, असा क्रम चित्रण करणाऱ्यांनी पाळला आणि त्यामुळे कोणी काही न सांगताही तंत्र कळत गेले. अंतिम लढतीत तिने सिंगापूरच्या अलीम नूर स्याहिदाला १४४-१४२ असे हरवले. पंधरा बाणांत कमाल १५० गुण असतात, म्हणजे पंधरा बाणांत तिने गमावले ते सहा गुण. राकेश कुमारबरोबर मिश्र सांघिक सुवर्ण आणि सरितासोबत रौप्य धरून तिची तीन पदके झाली. हे चित्रण यजमानांच्या यंत्रणेचे होते, आपल्या सेवेने त्यावर फक्त आवाज चढवला होता, आणि तिरंदाजीत सुदैवाने बाण सुटताना बोलायचे नसते.

संघाच्या कामगिरीचे मूल्यमापन सेवेने केलेच नाही, तेव्हा ते थोडक्यात येथे करतो, कारण १११ हा आकडा ऐकून सुखावलेल्या प्रेक्षकाला त्याची मांडणी कळायला हवी. भारताने ३०३ खेळाडू पाठवले होते, १९१ पुरुष आणि ११२ महिला. १११ पदकांपैकी ५५ मैदानी खेळांतली आणि २१ बॅडमिंटनमधली, म्हणजे दोनच खेळांतून दोन तृतीयांशाहून अधिक. २९ सुवर्णांपैकी १८ मैदानी, चार बॅडमिंटनची, उरलेली तिरंदाजी, नेमबाजी, बुद्धिबळ आणि कनूइंगमध्ये विभागलेली. भालाफेक, उंच उडी, बॅडमिंटन यांत मार्गदर्शक आणि खेळाडूंची फळी उभी राहिली आहे आणि ती पॅरिसच्या २९ पॅरालिंपिक पदकांत पुन्हा दिसली. जलतरणात मात्र तशी फळी दिसत नाही. सांगली जिल्ह्यातल्याच मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्ण आणले होते, आणि जेथे वीरधवल खाडेसारखा जलतरणपटू घडला त्या कोल्हापुरात बसून हे बोचते. पाचवे स्थानही निसटते होते: इंडोनेशियाचीही सुवर्णपदके २९ होती, त्यांची रौप्यपदके ३० आणि आपली ३१, दुसरीकडे दक्षिण कोरिया ३० सुवर्णांसह चौथा होता. एक सुवर्ण इकडे-तिकडे झाले असते तर स्थान बदलले असते, आणि असा ताण शेवटच्या दिवशी चालू असताना सेवा शंभराव्या पदकाचा उत्सव दाखवत होती. चीनची ५२१ पदके आणि त्यांतली २१४ सुवर्णे हा आकडा तर पडद्यावर येऊनही कोणी उच्चारला नाही. कौतुकाला तो मारक वाटला असावा. माझ्या मते त्याने कौतुक नेमके झाले असते.

कोल्हापूरच्या नावाचा उल्लेखही ओझरता का होईना यायला हवा होता. टोकियो पॅरालिंपिकमध्ये दहा मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत चौथा आलेला स्वरूप उन्हाळकर याच शहरातला. नेमबाजी चालू असताना, विशेषतः अवनी लेखराने २४९.६ गुणांनी सुवर्ण जिंकले त्या दिवशी, बसून नेम धरणे आणि उभे राहून नेम धरणे यांतला फरक सांगायला असा एखादा नेमबाज समालोचनाला बोलावता आला असता. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत यांच्या गावात नेमबाजीवर बोलणाऱ्यांची वाण नाही.

पुढील आशियाई पॅरा स्पर्धा ऑक्टोबर २०२६ मध्ये जपानमध्ये आइची-नागोया येथे आहेत. त्या पाहण्याची तयारी म्हणून हांगझोऊच्या चित्रफिती पाहायच्या असतील तर माझी शिफारस अशी: आवाज बंद ठेवावा, गटांचा तक्ता कागदावर लिहून शेजारी ठेवावा, स्पर्धेच्या अधिकृत निकालपत्रावर किती खेळाडू उतरले होते ते आधी पाहावे आणि मग चित्र सुरू करावे. पहिल्यांदा क्लब थ्रो, नंतर टी-६३ ची उंच उडी तिसऱ्या खेळाडूसह पूर्ण, मग सुमितची फेक मंदगतीने. तिरंदाजी आवाजासह पाहिली तरी चालेल. ठळक क्षणांच्या दोन मिनिटांच्या चित्रफिती टाळाव्यात. त्यांत फक्त झेंडे आहेत. चित्रासाठी पाचपैकी चार, नंतर पाहण्याच्या सोयीसाठी चार, समालोचनासाठी दीड आणि दिव्यांग प्रेक्षकांच्या सोयीसाठी शून्य, असे माझे गुण आहेत. सेवेच्या तक्रारपेटीत मराठी समालोचन आणि गटांचा तक्ता या दोन मागण्या मी लेखी टाकल्या आहेत. ज्यांची वर्गणी चालू आहे त्यांनीही नागोयापूर्वी टाकाव्यात.